विश्वचषकाच्या भावातली फट: कुठे खरी, कुठे नुसती दिसणारी

मोठी फुटबॉल स्पर्धा तोंडावर आली की स्क्रीनशॉट फिरायला लागतात. एका साइटवर स्पेन १५.५ सेंटला, दुसरीकडे तोच स्पेन १७ च्या आसपास, आणि खाली ओळ: फुकटचे पैसे. यातल्या बऱ्याच स्क्रीनशॉटमध्ये दोन वेगळ्याच प्रश्नांचे भाव शेजारी ठेवलेले असतात. उरलेल्यांत फट खरी असते, पण कमिशन, त्या भावाला उभा असलेला माल आणि पैसा अडकण्याचे दिवस हिशेबात धरले की ती अर्ध्या-एक टक्क्यावर येते. तो अर्धा टक्का शोधायचा कुठे आणि मोजायचा कसा, त्याबद्दल हे.

आधी कायद्याचं. भारतात बसून हे करता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना युक्तिवाद तिथे चालत नाही. त्याआधीही परदेशी साइटवर पैसे पाठवायची सोय नव्हतीच. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत ज्या कारणांसाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे, त्या यादीत लॉटरीच्या तिकिटांबरोबर ‘फुटबॉल पूल’ असा थेट उल्लेख आहे. व्हीपीएनची वाट तर गणितातही बसत नाही: एका साइटने खातं गोठवलं की तुमच्या दोन सौद्यांपैकी एकच उरतो, आणि उरतो तो सरळ सट्टा. तेव्हा पुढचं सगळं लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या, तिथल्या नियमांत बसणारी खाती असलेल्यांसाठी. इथल्यांनी गणित म्हणून वाचावं. गणित मजेदार आहे.

बाजार दोन तऱ्हांचे. पॉलीमार्केट, काल्शी यांवर शेअर किंवा कॉन्ट्रॅक्ट मिळतो: उत्तर ‘हो’ आलं तर १ डॉलर, ‘नाही’ आलं तर शून्य. १५.५ सेंट भाव म्हणजे बाजाराच्या मते साधारण १५.५ टक्के शक्यता. बेटफेअर, स्मार्केट्स या सट्ट्याच्या एक्स्चेंजांवर दशांश भाव असतो: ५.९ म्हणजे १ भागिले ५.९, म्हणजे १६.९५ टक्के. तिथे बॅक करता येतं आणि ले करता येतं. सट्टाबाजाराच्या बोलीत लगाई आणि खाई. बॅक करणारा संघ जिंकेल यावर पैसे लावतो. ले करणारा सांगतो, हा संघ जिंकणार नाही, आणि जिंकलाच तर भावाप्रमाणे भरपाई मी देईन.

नवखा माणूस पहिली बेरीज करतो ती एकाच प्रश्नाच्या ‘हो’ आणि ‘नाही’ची. दोन्ही मिळून ९८ सेंटला मिळाले तर दोन सेंट खिशात. हे होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेतलं की बराच वेळ वाचतो. या बाजारांत ‘हो’ आणि ‘नाही’ यांची ऑर्डर बुकं, म्हणजे घ्यायच्या-विकायच्या ऑर्डरींच्या याद्या, वेगळी नसतात. एकाच बुकाच्या त्या दोन बाजू असतात. ‘नाही’ ५२ ला विकायची ऑर्डर म्हणजेच ‘हो’ ४८ ला घ्यायची ऑर्डर. समोर कुणी ‘हो’ ४६ ला विकत असेल तर इंजिन त्या दोघांचा सौदा तिथल्या तिथे लावून टाकतं. स्क्रीनवर ९८ दिसलं तर तुमचं पान शिळं आहे, किंवा दोन आकड्यांपैकी एक शेवटच्या सौद्याचा आहे. शेवटच्या सौद्याचा भाव कुठल्याही हिशेबात धरू नका. घ्यायचं असेल तर विकणाऱ्याचा भाव बघायचा, विकायचं असेल तर घेणाऱ्याचा.

बेरजेत अर्थ येतो तो बहुपर्यायी बाजारात. ‘विश्वचषक कोण जिंकणार’ या प्रश्नाखाली २०२६ च्या रचनेत ४८ संघ, म्हणजे ४८ छोटे बाजार. सगळ्या संघांचे ‘हो’ विकत घेण्याचे भाव मिळून १०० च्या खाली आले तर सगळे घ्या, एक नक्की १ डॉलर देणार. प्रत्यक्षात ही बेरीज १०० च्या बरीच वर असते आणि त्याचं कारण शेपटीत आहे. ज्यांची शक्यता जवळपास शून्य असे तीस संघ धरा. भावाची किमान पायरी १ सेंट असेल तर त्यांना १ सेंटखाली कुणी विकूच शकत नाही. तिथेच ३० सेंट गेले. पायरी ०.१ सेंट असेल तर तीच शेपूट ३ सेंटांची होते. म्हणून दोन साइट्सच्या बेरजांची तुलना करताना आधी पायरी बघा.

उलट बाजूने फट जास्त वेळा निघते. सगळ्या संघांना घेणाऱ्यांचे भाव मिळून १०२ होत असतील, तर प्रत्येकाचा ‘नाही’ घ्यायचा. ४८ ‘नाही’पैकी ४७ नक्की पैसे देतात. खर्च ४८ उणे १.०२, म्हणजे ४६.९८ डॉलर, हातात ४७. दोन सेंटांसाठी ४७ डॉलर महिनाभर बांधून ठेवणं हा धंदा नाही. पण पॉलीमार्केटच्या ‘निगेटिव्ह रिस्क’ म्हणून चालणाऱ्या बहुपर्यायी बाजारांत रूपांतराची सोय आहे: वेगवेगळ्या पर्यायांचे काही ‘नाही’ जमा केले की त्यांच्या संख्येपेक्षा एक कमी इतके डॉलर लगेच परत मिळतात, आणि वर उरलेल्या प्रत्येक पर्यायाचा एकेक ‘हो’. सगळे ४८ जमा केले की ४७ डॉलर तिथेच सुटे. ही सोय आहे म्हणूनच अशी फट बॉट लोक काही सेकंदांत बुजवतात. हाताने ४८ ऑर्डरी टाकणाऱ्यासाठी ती नाही.

या बेरजेतला जुना सापळा म्हणजे अपुरी यादी. २०२६ चा ड्रॉ ५ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये निघाला तेव्हा ४२ संघ ठरले होते; सहा जागा मार्चमधल्या प्ले-ऑफवर होत्या, चार युरोपच्या आणि दोन आंतरखंडीय. तेव्हा नाव ठरलेल्या ४२ जणांची बेरीज करून ‘शंभराच्या खाली आली’ म्हणणं म्हणजे त्या सहा जागांतून कुणीच जिंकणार नाही असं गृहीत धरणं. ‘इतर’ असा पर्याय आहे का, असल्यास त्यात कोण मोडतं, आणि नंतर पात्र ठरलेला संघ ‘इतर’मधून बाहेर काढतात का, हे नियमांच्या मजकुरात बघावं लागतं.

आता दोन बाजारांमधला सौदा, आकड्यांसह. भाव उदाहरणापुरते आहेत. शेअरच्या बाजारात स्पेनचा ‘हो’ १५.५ सेंटला आहे, फी शून्य धरू. एक्स्चेंजवर स्पेनला ले करायचा भाव ५.९, निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कमिशन ५ टक्के. १००० शेअर घेतले, खर्च १५५ डॉलर. ले किती रकमेचा? सूत्र सोपं आहे: शेअरांची संख्या भागिले (भाव उणे कमिशन). १००० भागिले ५.८५, म्हणजे १७०.९४. स्पेन जिंकला तर शेअरचे १००० मिळतात, त्यातून १५५ आणि ले ची भरपाई ८३७.६१ वजा, उरले सुमारे ७.३९. स्पेन हरला तर १५५ बुडतात, ले मधून कमिशन कापून १६२.३९ येतात, पुन्हा ७.३९. दोन्हीकडे सारखंच उरतं.

गुंतवणूक मात्र १५५ नाही. एक्स्चेंज भरपाईची पूर्ण रक्कम आधीच अडवून ठेवतं, म्हणजे १५५ अधिक ८३७.६१, जवळपास ९९३ डॉलर. त्यावर ७.३९ म्हणजे पाऊण टक्का. ११ जून ते १९ जुलै, असे ३९ दिवस पैसा अडकला तर वर्षाच्या हिशेबाने सात टक्क्यांच्या आसपास. हाच सौदा सहा महिने आधी केला तर दीड टक्का. त्यापेक्षा एफडी बरी. म्हणून विजेत्याच्या बाजारात लवकर दिसलेल्या फटी तशाच उघड्या राहतात. लोकांना त्या दिसत नाहीत असं नाही, महिनोन्‌महिने पैसा बांधायला कुणी तयार नसतं. स्पर्धेच्या शेवटच्या दहा दिवसांत तीच फट दिसली तर तिची किंमत कितीतरी जास्त.

सौद्याची सीमारेषा, म्हणजे शेअर ज्या भावापर्यंत घेतला तर तोटा नाही तो भाव, आधी काढून ठेवावी: (१ उणे कमिशन) भागिले (भाव उणे कमिशन). वरच्या उदाहरणात ०.९५ भागिले ५.८५, म्हणजे १६.२४ सेंट. कमिशन २ टक्के असेल तर १६.६७. कमिशनशिवाय १६.९५. स्क्रीनवर १.४५ सेंटांची दिसणारी फट ५ टक्के कमिशनला निम्मी होते ती अशी. काल्शीसारख्या ठिकाणी फी वेगळ्या आकाराची आहे. तिथलं सर्वसाधारण सूत्र ०.०७ × संख्या × भाव × (१ − भाव), आणि येणारी रक्कम वरच्या सेंटला पूर्ण करायची. १६ सेंटला १०० कॉन्ट्रॅक्ट घेतले तर ९५ सेंट, ५० सेंटला घेतले तर १.७५ डॉलर. म्हणजे बरोबरीच्या लढतीत फी सगळ्यात जास्त बोचते. शिवाय एकेक कॉन्ट्रॅक्ट तुकड्यातुकड्याने घेतलं तर प्रत्येक वेळी पूर्णांकाचा फटका बसतो: ५० सेंटचं एक कॉन्ट्रॅक्ट पावणेदोनऐवजी दोन सेंट खातं. फीची पत्रकं बदलत असतात, त्या दिवशीचं बघूनच सीमारेषा काढायची.

मग माल. १५.५ ला १००० शेअर उभे असतातच असं नाही. समजा बुकात १५.५ ला ३००, १५.८ ला ४०० आणि १६.३ ला ३०० आहेत. हजाराची सरासरी १५.८६ येते, सीमारेषा १६.२४, म्हणून सौदा चांगला वाटतो. पण शेवटचे ३०० शेअर १६.३ चे आहेत, सीमारेषेच्या वर. ते प्रत्येकी तोटा देतात आणि सरासरी तो तोटा झाकते. ७०० वर थांबलं तर नफा ३.९८, हजार घेतले तर ३.७९. जास्त पैसे गुंतवून कमी कमाई. सरासरी कधीच बघू नये, प्रत्येक पायरी सुटी तपासायची. हीच तपासणी ले च्या बाजूलाही, ५.९ ला दीडशे आणि पुढचे ६.० ला असतील तर सीमारेषा खाली सरकते.

चलनाकडे फार कमी लोक बघतात. शेअर डॉलरमध्ये, एक्स्चेंजचं खातं पाउंडात. ज्याचा हिशेब डॉलरमध्ये आहे त्याला धोका स्पेन हरण्यात आहे: तेव्हा सगळे पैसे, सुमारे १००० डॉलर, पाउंडाच्या रूपात एक्स्चेंजवर पडून असतात, आणि पाउंड एक टक्का घसरला तरी १० डॉलर गेले, म्हणजे नफ्यापेक्षा जास्त. पाउंडात जगणाऱ्या लंडनकराला नेमकं उलटं: त्याला धोका स्पेन जिंकून सगळे पैसे डॉलरमध्ये येण्यात. शक्यता बघता लंडनकर सुखी, कारण स्पेन हरण्याचीच शक्यता पाचपट आहे. एकाच चलनातली दोन खाती मिळत असतील तर पाव टक्का कमी नफा पत्करूनही तीच घ्यावीत.

माझ्या मते खरी मेहनत करण्याजोगी जागा दोन साइट्सच्या मधे नाही. ती एकाच स्पर्धेच्या जोडलेल्या बाजारांत आहे. विजेता, अंतिम फेरी, उपांत्य फेरी, गटविजेता, बाद फेरी, विजेत्याचा खंड: यांचे भाव वेगवेगळे लोक वेगवेगळ्या घाईत ठरवतात, आणि त्यांच्यात काही बंधनं असतात जी तोडता येत नाहीत. अंतिम फेरी गाठल्याशिवाय कुणी जिंकत नाही, म्हणून ‘अंतिम फेरी’चा ‘हो’ ‘विजेता’पेक्षा स्वस्त मिळाला तर तो घ्या आणि विजेत्याचा विका. तोटा नाही, आणि संघ अंतिम सामना हरला तर वर पूर्ण डॉलर. सगळ्या संघांच्या अंतिम फेरीच्या शक्यतांची बेरीज २०० व्हायला हवी, उपांत्य फेरीची ४००, उपांत्यपूर्वची ८००. ‘युरोपचा संघ जिंकेल’ याचा भाव युरोपच्या सोळा संघांच्या बेरजेशी जुळायला हवा. एखादा मोठा निकाल लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत विजेत्याचा भाव हलतो आणि खंडाचा किंवा उपांत्य फेरीचा तसाच राहतो. तिथे माल थोडा असतो, म्हणून बॉटही कमी.

याच ठिकाणी गटांची बेरीज भल्याभल्यांना फसवते. २०२२ मध्ये ३२ संघ होते, प्रत्येक गटातून बरोबर दोन पुढे, म्हणून एका गटाच्या चौघांची ‘बाद फेरी गाठेल’ची बेरीज २०० असायची. २०२६ च्या रचनेत १२ गट, प्रत्येकी पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बारांपैकी सर्वोत्तम आठ. म्हणजे एका गटातून दोन किंवा तीन. बारा गटांची मिळून बेरीज ३२००, सरासरी एका गटाची २६७. कठीण गटाची २५५ असेल आणि सोप्याची २७५, तर त्यात काही चूक नाही. एका गटात खात्रीची फट दोनच ठिकाणी: घेण्याच्या भावांची बेरीज २०० च्या खाली किंवा विकण्याच्या भावांची ३०० च्या वर. २४ संघांच्या युरोलाही हेच लागू, तिथे सहा गटांतून तिसरे चार. जुना २०० चा हिशेब घेऊन चौघांनाही ले करत सुटलेला माणूस आर्बिट्राज, म्हणजे भावांतल्या फटीतून खात्रीचा नफा, करत नसतो. तो फक्त ‘या गटातला तिसरा संघ घरी जाईल’ असा डाव लावतो.

गटविजेता ठरवण्याचे निकषही स्पर्धेगणिक बदलतात. २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांत समान गुण झाल्यावर आधी गोलफरक. युरोमध्ये आधी आपसातल्या सामन्याचा निकाल. २०१८ मध्ये जपान सेनेगलच्या पुढे गेला तो कमी पिवळ्या कार्डांवर. शेवटच्या फेरीत दोन सामने एकाच वेळी चालू असताना निकषांची यादी समोर नसेल तर आकडे वाचायचे कशाच्या आधारावर?

आता प्रश्नाचा मजकूर. इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. २०२२ चा अंतिम सामना ९० मिनिटांनंतर २-२ होता, जादा वेळेनंतर ३-३, आणि पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२. एक्स्चेंजच्या नेहमीच्या ‘सामन्याचा निकाल’ बाजारात जिंकली बरोबरी. ‘करंडक कोण उचलणार’मध्ये जिंकला अर्जेंटिना. एका ठिकाणी अर्जेंटिना घेऊन दुसरीकडे फ्रान्सला बॅक केलेल्याचा एक पाय, म्हणजे सौद्याची एक बाजू, ९० मिनिटांवर आणि दुसरा पेनल्टींवर होता. बाद फेरीच्या प्रत्येक सामन्याला पहिला प्रश्न हाच: ९० मिनिटं की पुढे जाणारा संघ? आणि जादा वेळ असतोच असंही नाही. २०२४ च्या कोपा अमेरिकात अंतिम सामना सोडला तर बाद फेरीत बरोबरीनंतर थेट पेनल्टी होत्या.

गोल्डन बूटचा बाजार तर मी आर्बिट्राजसाठी वर्ज्यच मानतो. युरो २०२४ मध्ये सहा खेळाडू तीन-तीन गोलांवर थांबले आणि पुरस्कार सहाही जणांत वाटला गेला. २०१० च्या विश्वचषकात चौघांचे पाच-पाच गोल होते, पण असिस्ट जास्त म्हणून बूट एकट्या म्युलरला. एका बाजारात बरोबरीला पैसे विभागून मिळतात, दुसरीकडे आयोजकांचा अधिकृत विजेता धरतात, काही ठिकाणी तर आडनावाच्या वर्णक्रमाने उत्तर ठरतं. सहा जणांच्या बरोबरीत विभागणी करणारा बाजार तुमच्या लावलेल्या रकमेचा फक्त सहावा हिस्सा जिंकलेला धरतो, आणि समोरचा बाजार पूर्ण ‘हो’ किंवा पूर्ण ‘नाही’ देतो. असा सौदा कुठल्याच सूत्राने जुळत नाही.

स्पर्धाच पुढे ढकलली तर काय, हाही कल्पनेतला प्रश्न नाही. युरो २०२० खेळला गेला २०२१ च्या जून-जुलैत, कोपा अमेरिकाही त्याच वर्षी आणि ऐनवेळी यजमान बदलून ब्राझीलमध्ये. एका बाजाराने सौदे रद्द करून पैसे परत केले आणि दुसऱ्याने वर्षभर धरून ठेवले, तर उरलेला पाय उघडा पडतो. नियमांत ‘अमुक तारखेपर्यंत’ असं आहे का ते शोधा. पॉलीमार्केटवर निकाल यूएमएच्या ओरॅकलमधून, म्हणजे निकाल नोंदवणाऱ्या बाहेरच्या यंत्रणेतून, ठरतो, त्यावर हरकती येत राहिल्या तर प्रकरण मतदानावर जातं. तोवर पैसे अडकलेले. फुटबॉलच्या सरळ निकालांत हे क्वचित होतं, मोघम लिहिलेल्या प्रश्नांत होतं.

चालू सामन्यातल्या फटींबद्दल थोडक्यात: टाळा. बेटफेअरवर चालू सामन्यात ऑर्डर काही सेकंद उशिराने लागते, आणि गोल, पेनल्टी किंवा लाल कार्ड झालं की बाजार थांबवून न लागलेल्या ऑर्डरी काढून टाकतात. दुसरा बाजार मात्र चालूच असतो. २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियाविरुद्ध पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले. अशा प्रत्येक वेळी गोलाच्या भावाला एक पाय लागतो, दुसरा बाजार थांबलेला असतो, आणि तो उघडतो तेव्हा गोलच रद्द झालेला असतो.

सौदा लावायचा क्रम ठरलेला असावा: ज्या बुकात माल कमी ते आधी, लिमिट ऑर्डरने (आपण ठरवलेल्या भावापर्यंतच लागणारी), सीमारेषेच्या खाली. तिथे जेवढं लागलं तेवढ्याचाच ले, मनातल्या आकड्याचा नाही. मिळेल त्या भावाला लागणारी मार्केट ऑर्डर कधीच नाही. शेअरच्या बाजारात ‘आत्ता मिळेल तेवढं द्या, बाकी रद्द’ या प्रकारची ऑर्डर असते, ती वापरावी. बुकात विसरलेली अर्धी ऑर्डर संघाची यादी जाहीर झाल्यावर कुणीतरी नेमकी नको तेव्हा उचलतं.

एक पाय लागला आणि दुसरा हलला, तर आशेवर बसायचं नाही. दोन आकडे काढायचे. समजा १५.५ ला ४०० शेअर मिळाले आणि तेवढ्यात ले चा भाव ५.९ वरून ६.२ झाला. नवी सीमारेषा ०.९५ भागिले ६.१५, म्हणजे १५.४५. आता ले केला तर सगळा मिळून तोटा २१ सेंट, पण जवळपास ४०० डॉलर स्पर्धा संपेपर्यंत अडकणार. शेअर परत विकायचे तर घेणारा १५.२ ला आहे, तोटा १.२० डॉलर आणि पैसे लगेच मोकळे. अंतिम सामना आठवड्यावर असेल तर ले करा. स्पर्धा सुरूच व्हायची असेल तर १.२० देऊन बाहेर पडा.